पहिल्या दोन मिनिटांचा धूर: टेकडीवरच्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
वाहनांच्या धुराचे नियम ठरवणाऱ्या समित्यांमधले सन्माननीय सदस्य,
आणि वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संशोधन संस्थेतली इंजिनिअर मंडळी, यांस

सा. न. वि. वि.

कर्वेनगरात माझं गॅरेज आहे, एकतीस वर्षं झाली. शेडमागच्या लोखंडी जिन्यावर उभं राहिलं की तुमची टेकडी दिसते. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी तिच्याकडे बघतो, त्यामुळे एकतर्फी का होईना, पण आपली ओळख जुनी आहे. तुमची संस्था 1966 सालची. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून जरा हक्काने लिहितो.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या सुमाराला तुम्ही वरून खाली पाहिलंत तर शहरावर मळकट थर बसलेला दिसेल. रात्रीत जमीन गारठते, तिच्या लगतची हवा गारठते, वर थोडी उबदार हवा झाकणासारखी बसते, आणि टेकड्यांमधल्या या परातीत जे काही सोडाल ते ऊन चांगलं वर येईपर्यंत तिथेच घुटमळतं. पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतली मंडळी हे माझ्यापेक्षा नीट सांगतील. हवेची खबर देणारी 'सफर' ही यंत्रणा त्यांचीच, पुण्यात ती 2013 मध्ये आली. मला त्या थरातल्या एका लहानशा वाट्याबद्दल बोलायचं आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू होते, तिची पहिली दोन मिनिटं.

आमच्या सोसायटीला बेसमेंट पार्किंग आहे. नातीची शाळा सात-दहाची, म्हणून आम्ही सहा-पन्नासला खाली असतो. त्या पंधरा मिनिटांत दहा-अकरा गाड्या सुरू होतात. सगळ्यांचं आयडलिंग चढलेलं, सगळ्यांच्या सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब गळतायत, आणि सगळीकडे तो कच्च्या पेट्रोलचा, नाकात चुरचुरणारा वास. भिंतीवर मोठा एक्झॉस्ट फॅन आहे. त्याच्याखाली पाटी आहे: 'पंखा सकाळी लावू नये. वीज सोसायटीची आहे, कुणाच्या तीर्थरूपांची नाही.' पाटी लावणारे सेक्रेटरी स्वतः त्याच हवेतून स्कूटर काढतात, हा भाग वेगळा. नात दप्तर घेऊन गाडीमागे उभी असते. तिचं नाक आणि शेजारच्या गाडीचा सायलेन्सर यांच्या उंचीत फार तर दोन वितींचा फरक.

गेल्या थंडीत एकदा मी गाडीच्या आतले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून बसलो. बाहेर अकरा अंश होते, बेसमेंटमध्ये सतरा. सेल्फ मारला तेव्हा इंजिनाचं पाणी सतरा आणि धूर साफ करणारा कॅटकॉनही सतराच. (कॅटकॉनचा आकडा सेन्सरने मोजलेला नसतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हिशोबाने काढतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण दिशा कळायला तो पुरतो.) पट्टा लावला, आरसा बघितला, नातीने डबा विसरल्याचं सांगितलं, तिची आजी डबा घेऊन धावत आली. एवढा वेळ गाडी सुरूच. मग उतार चढून बाहेर, गेटवर वॉचमनला हात, गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा कुठे तो आकडा तीनशेच्या वर सरकला. म्हणजे जो घाण धूर निघायचा तो बेसमेंटमध्ये, उतारावर आणि गल्लीत निघून गेला होता. शाळेच्या दाराशी गाडी बंद केली तेव्हा पाणी बावन्न अंशांवर होतं. अंतर दोन किलोमीटर. परत यायला निघालो तोवर पालकांची सभा झाली, अर्धा तास गेला, कॅटकॉन पुन्हा गार.

हे पत्र खुलं असल्यामुळे तुमच्याशिवाय इतरही वाचतील, म्हणून कॅटकॉन म्हणजे काय ते थोडक्यात. माझ्या टेबलावर एका जुन्या कॅटकॉनचा तुकडा आहे, बिलांवर वजन म्हणून. करड्या रंगाचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, हातात घेतला तर भाजलेल्या मातीसारखा हलका. एक चौरस इंचात चारशेच्या आसपास भोकं. गिऱ्हाइकांना वाटतं ही गाळणी आहे, धूर अडवते. ती काहीच अडवत नाही. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा इतका पातळ लेप असतो की डोळ्यांना दिसत नाही, आणि धूर त्यावरून जाताना त्याचं रूप बदलतं. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. तापलेला असला की हे काम तो इतकं चोख करतो की चांगल्या गाडीच्या सायलेन्सरशी नाक नेलं तरी फारसं काही जाणवत नाही.

पण त्याला तापावं लागतं. अडीचशे-तीनशे अंशांच्या खाली तो निव्वळ मातीचं पोळं. आणि गंमत अशी की नेमक्या याच वेळी इंजिन सगळ्यात घाण धूर सोडत असतं. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू जास्त पेट्रोल टाकतो. पूर्वी आपण चोक ओढायचो, स्कूटर आडवी करून मग किक मारायचो, त्याचाच हा आजचा संगणकी अवतार. शिवाय सुरुवातीच्या धुरातली वाफ गार पोळ्यावर पाणी होऊन बसते, आणि ते पाणी उडून जाईपर्यंत पोळं धड तापतही नाही. सायलेन्सरमधून पाणी गळताना पाहून घाबरून गॅरेजला येणारे दरवर्षी दोन-चार तरी असतात. गाडीत बिघाड नाही, एवढं मी त्यांना सांगतो. अजून धूर साफ व्हायला सुरुवात झालेली नाही, हे सांगत नाही, कारण मग 'उपाय काय' हा प्रश्न येतो.

थंडी म्हटलं की लोकांना दिल्ली, नाही तर थेट युरोप आठवतो. पुण्याला कसली आली कोल्ड स्टार्टची, म्हणजे गार इंजिन सुरू करण्याची, काळजी, असं एका सप्लायरच्या माणसाने मला तोंडावर ऐकवलं होतं. तीनशे अंशांच्या हिशोबात पुण्याचे अकरा अंश काय आणि नागपूरचे मे महिन्यातले चाळीस काय, सारखेच गार. थंडीत इंजिन जास्त पेट्रोल पितं, तेवढी भर पडते, पण पोळं मात्र बाराही महिने गारच असतं.

आता नियमांकडे येतो. तुमची चाचणी मला माहीत आहे, निदान कागदावर. गाडी सहा तासांहून जास्त वेळ 20 ते 30 अंशांच्या खोलीत उभी करायची, मग रोलरवर 1180 सेकंद चालवायची, अंतर साडेदहा-पावणेअकरा किलोमीटर, आणि एकूण धूर भागिले किलोमीटर. बीएस-6 पेट्रोल कारला हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलची, मर्यादा किलोमीटरला 0.1 ग्रॅम. हे मोजमाप चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. उलट युरोपात 2000 सालापर्यंत पहिली 40 सेकंदं गाडी आयडलिंगवर ठेवायचे आणि तेवढ्या वेळाचा धूर मोजायचेच नाहीत. तिथून आपण सगळेच बरेच पुढे आलो आहोत.

माझी तक्रार भागाकाराबद्दल आहे.

रिक्षाचं मिनिमम भाडं आठवा. मीटर टाकला की पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे पडलेच, तुम्ही पुढच्याच चौकात उतरलात तरी. लांब जाणाऱ्याला ते जाणवत नाही, जवळ जाणाऱ्याला झोंबतं. कोल्ड स्टार्टचा धूर हे मिनिमम भाडं आहे. तुमच्या चाचणीतली गाडी पावणेअकरा किलोमीटर जाते, म्हणजे मर्यादेप्रमाणे तिला एकूण साधारण एक ग्रॅम हायड्रोकार्बनची मुभा. पेट्रोल गाडीत त्यातला निम्म्याहून कितीतरी जास्त भाग पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडतो, हे तुमच्याच क्षेत्रातलं जुनं ज्ञान आहे. समजा त्यातला पाऊण ग्रॅम सुरुवातीलाच गेला. मी दोन किलोमीटरवर गाडी बंद केली, तर माझा हिशोब किलोमीटरला 0.1 राहत नाही, 0.4 च्या घरात जातो. गाडी पास, कागद पास, आणि शाळेच्या रस्त्यावर प्रत्यक्षात मर्यादेच्या चौपट. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही, फक्त भागाकार लांबच्या गिऱ्हाइकाचा झाला.

1 एप्रिल 2023 पासून रस्त्यावरची चाचणीही आली, गाडीमागे यंत्र बांधून. चांगलं झालं. पण ती दीड ते दोन तासांची. नळ स्टॉपला भाजी आणायला जाणाऱ्या गाडीचं त्यातही काही दिसत नाही. आणि आमचं शहर अशाच फेऱ्यांवर चालतं: शाळा, दूध, जिम, क्लास, आईला फिजिओकडे, पुन्हा क्लास.

मग उपाय काय? एक जुनाच उपाय आहे, आणि तो आता परवडण्यासारखा होत चालला आहे. पोळं विजेने तापवायचं.

कल्पना शेगडीइतकी साधी आहे. मुख्य पोळ्याच्या तोंडाशी एक पातळ चकती बसवतात. लोखंड, क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा पातळ, पन्हळी करून नागमोडी गुंडाळलेला. त्यातून वीज सोडली की तो पत्रा स्वतःच कॉइल होतो आणि काही सेकंदांत शेकडो अंश तापतो. त्याच्यावरही लेप असतो, त्यामुळे धुराची सफाई तिथेच सुरू होते, आणि त्या सफाईत निघणारी उष्णता मागचं मोठं पोळं पेटवते. एकच मेख आहे. इंजिन सुरू व्हायच्या आधी चकती तापवायची असेल तर मागच्या पोळ्यापर्यंत ती ऊब वाहून न्यायला हवेचा झोत लागतो. नाही तर चकती लाल आणि पोळं गार, तवा तापला पण भाकरी कच्ची. म्हणून सोबत छोटा एअर पंप देतात.

1990 च्या दशकात कॅलिफोर्नियाने धुराचे नियम कडक केले तेव्हा जगभरच्या कंपन्या यामागे लागल्या होत्या. 1995 च्या सुमाराला जर्मनीच्या अल्पिनाने बी-12 या गाडीत अशी गरम होणारी चकती बसवून ती बाजारातही आणली. मग हा प्रकार मागे पडला. कारण सरळ होतं: पोळं इंजिनाला अगदी चिकटवून बसवलं आणि इग्निशन थोडं उशिरा दिलं की धूर जास्त गरम निघतो आणि काम स्वस्तात भागतं. आज तुमच्या-माझ्या गाडीत हेच होतं. सकाळचा तो चढलेला आयडलिंगचा घोंघाट म्हणजे पेट्रोल जाळून पोळं शेकणंच आहे.

दुसरी अडचण व्होल्टची होती. दोन किलोवॅटचा हीटर 12 व्होल्टवर चालवायचा तर 166 अँपिअर लागतात. स्टार्टर मोटर एवढा करंट ओढते, पण सेकंद-दोन सेकंद. हीटरला तो अर्धं-एक मिनिट द्यायचा, तोही थंडीतल्या अर्धमेल्या बॅटरीतून. बोटाएवढ्या जाड केबल, महागडे स्विच, आणि गॅरेजवाल्याच्या कपाळावर आठ्या. 48 व्होल्टवर मात्र चार किलोवॅटला 83 अँपिअर पुरतात. स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिनाबरोबर विजेच्या मोटरवरही चालणाऱ्या गाडीत, तर शंभरावर व्होल्टची बॅटरी आधीच बसलेली असते. म्हणून ही जुनी चकती आता पुन्हा टेबलावर आली आहे. आपल्याकडे 'माइल्ड हायब्रिड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या 12 व्होल्टच्याच आहेत, त्यांना हे झेपणार नाही, हेही लक्षात ठेवावं लागेल.

वीज किती लागते, याचा हिशोब मी बायकोला गीझरवर करून दाखवला. दोन किलोवॅटचा गीझर एक मिनिट चालवा: 33 वॅट-तास. एका युनिटमध्ये अशा तीस सकाळी निघतात, म्हणजे महिनाभराच्या शाळेच्या फेऱ्या एका युनिटात. सोसायटीचा पंखा याहून जास्त खात असेल. अर्थात गाडीत ही वीज फुकट येत नाही, अल्टरनेटर ती पेट्रोल जाळूनच बनवतो आणि वाटेत बरीच वाया घालवतो. पण आज आपण पोळं शेकायला जे पेट्रोल थेट जाळतो, त्याच्यासमोर हा हिशोब मांडा. मांडून बघायला तुमच्याइतकी चांगली प्रयोगशाळा देशात फार ठिकाणी नाही.

हायब्रिडचा विषय निघाला आहे तर तिथे थोडं थांबतो, कारण पुढची काही वर्षं बाजार तिकडे चालला आहे. हायब्रिड गाडी सिग्नलला इंजिन बंद करते, उतारावर बंद करते, ट्रॅफिकमध्ये बॅटरीवर सरकते. पेट्रोल वाचतं, चांगलंच आहे. पण इंजिन बंद म्हणजे पोळ्याला धुराची ऊब बंद. घरी चार्ज करायची प्लग-इन हायब्रिड तर घरून विजेवर निघेल, चांदणी चौकापर्यंत इंजिन सुरूच होणार नाही, आणि तिथे चढावर जोर लागला की थंडगार इंजिन, थंडगार पोळं, आणि पायाखाली दाबलेला पेडल. कोल्ड स्टार्ट भर रस्त्यात, पूर्ण लोडवर. ज्या गाड्या 'हिरव्या' म्हणून सवलती मागतात त्यांच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात टोकदार आहे, आणि हीटर चालवायची बॅटरी त्यांच्याकडे आधीच आहे. सवलत देताना निदान एवढं तरी विचारा.

डिझेलवाल्यांचंही तसंच. हिंजवडीला माणसं नेणाऱ्या मोठ्या बसमध्ये युरिया, म्हणजे डीईएफ, फवारून नायट्रोजनचे ऑक्साइड मारतात. धूर एकशेऐंशी-दोनशे अंशांच्या खाली असला की ते फवारणं बंद राहतं, नाही तर युरियाचे खडे जमतात. आणि तासाभराच्या ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रिकाम्या बसचा धूर सहज गार पडतो. तिथे कोल्ड स्टार्ट सकाळचाच राहत नाही, दिवसातून कितीतरी वेळा होतो. हीटरची खरी गरज मला तिथे दिसते, कारवाले उगाच मधे येतात.

कुठे हा उपाय चालणार नाही, तेही सांगतो, नाही तर म्हणाल गॅरेजवाल्याला नवा पार्ट विकायचा आहे. हे शहर दुचाकींचं. स्कूटरची बॅटरी चार-पाच अँपिअर-तासांची, म्हणजे सगळी मिळून पन्नास-साठ वॅट-तास. तिच्यातून हीटर चालवायला गेलात तर पोळं गरम होईल आणि स्कूटर पुन्हा सुरू होणार नाही. दुचाकीला पोळं इंजिनाच्या तोंडाशी आणणं, नाही तर सरळ इलेक्ट्रिक, याशिवाय तिसरा मार्ग मला दिसत नाही. सीएनजीचा मिथेन हे आणखी हट्टी गिऱ्हाईक, त्याला पेटायला चारशेच्या वर अंश लागतात. आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या थंडीत जी बारीक काजळी सोडतात तिच्यावर हीटरचा काही उपयोग नाही, तिला फिल्टरच हवा.

आणखी एक हात जोडून विनंती. हा प्रकार जुन्या गाड्यांवर बाहेरून बसवायची परवानगी कुणी मागितली तर देऊ नका. ऐंशी अँपिअरची केबल गाडीच्या पोटाखालून, तापलेल्या सायलेन्सरशेजारून जाणार. जुलैत सिंहगड रोडला गुडघाभर पाण्यातून गाडी जाणार. आणि ती बसवणार आमच्यासारखेच लोक, त्यातले काही इन्सुलेशन टेप हाच देव मानणारे. हॉर्नच्या रिलेपायी जळालेलं वायरिंग मी दर पावसाळ्यात बदलतो. हे काम कारखान्यातच व्हायला हवं.

आता पीयूसी. माझ्या ओळखीच्या एका सेंटरवर गाडी येते ती रस्त्यावरून तापून. नळी सायलेन्सरमध्ये, आयडलिंग, मग 2500 च्या आसपास आरपीएम, आकडे आले, कागद हातात. तापलेल्या पोळ्याची परीक्षा तापल्यावर घेतली, तर तो पास होणारच. गार गाडी तपासायला सेंटरवाल्याने रात्रभर ती ठेवून घ्यायची का? ते शक्य नाही, मला कळतं. पण गाडीच्या पोटात ईसीयू बसलेला आहे आणि तो रोजच्या रोज पोळ्याची परीक्षा घेतो. पोळं कमजोर झालं की पी-0420 हा कोड टाकतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लावतो. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "दिवा घालवा." कोड पुसला की दिवा जातो. दोन आठवड्यांनी परत येतो, तोवर पीयूसी निघालेली असते. मी पुसतो का? पूर्वी पुसायचो. आता कोड लिहून देतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जातं.

पीयूसीच्या नळीबरोबर स्कॅनरची पिन लावणं सक्तीचं करा. पोळ्याची परीक्षा पूर्ण झाली आहे की कोड नुकताच पुसून परीक्षा अर्धवट ठेवली आहे, हे त्या पिनवर अर्ध्या मिनिटात दिसतं. एवढ्याने कोल्ड स्टार्टचा धूर मोजला जाणार नाही, पण मेलेलं पोळं घेऊन फिरणाऱ्या गाड्या तरी सापडतील. पोळं मेलेलं असेल तर हीटर कुणाला तापवणार?

मोठं मागणं मात्र वेगळं आहे. चाचणीत पहिल्या दोन मिनिटांचा धूर वेगळा लिहा. किलोमीटरने भागू नका. 'दर सुरुवातीला इतके ग्रॅम' असा स्वतंत्र आकडा गाडीच्या कागदावर येऊ द्या. तुमची यंत्रं सेकंदा-सेकंदाला मोजू शकतात, ती माहिती तुमच्याकडे बहुधा पडूनच असेल. मर्यादा लगेच घालू नका हवं तर. आकडा छापला की कंपन्या एकमेकींच्या कागदांत डोकावायला लागतील, बाकीचं काम तिथेच होईल. मग कुणी हीटर बसवेल, कुणी पोळं आणखी जवळ आणेल, कुणी इंजिनच काढून टाकेल. कसं करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. मला हीटर आवडतो, पण माझ्या आवडीवर कायदा करू नका.

युरोप काय करतो ते बघू, असं कुणी म्हणेल. तर युरो-7 चा कायदा 2024 मध्ये झाला, नव्या मॉडेलच्या कारना तो 29 नोव्हेंबर 2026 पासून लागू व्हायचा आहे. 2022 च्या मूळ मसुद्यात कारच्या धुराच्या काही मर्यादा याहून कडक होत्या. शेवटी कारच्या सायलेन्सरच्या मर्यादा युरो-6 च्याच राहिल्या, भर पडली ती ब्रेकच्या धुळीची आणि टिकाऊपणाच्या अटींची. म्हणजे तिकडे बघत बसलो तर या बाबतीत बघण्यासारखं फार काही नाही. आणि आपण नेहमी मागूनच जातो असंही नाही. 1 एप्रिल 2020 ला बीएस-5 ची पायरी गाळून आपण थेट बीएस-6 वर उडी मारली, पेट्रोलमधलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर आणलं, तेही दिल्ली आणि तिच्या आसपासचा भाग सोडला तर देशभर एकाच दिवशी. तेव्हा माझ्यासकट सगळ्या गॅरेजवाल्यांनी 'हे काही होत नाही' म्हणून पैजा लावल्या होत्या. मी हरलो, दोनशे रुपये.

पत्र लांबलं. पत्राला उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही, पण एकदा आमच्या बेसमेंटमध्ये या. धूर मोजायचं यंत्र घेऊन, पंख्याचं बटण बंद ठेवून. पंख्याबद्दल सेक्रेटरींची परवानगी काढायला नको, तो बंदच असतो. डिसेंबरातला कुठलाही कामाचा दिवस चालेल. आदल्या रात्री आठनंतर मी गाडीला हात लावणार नाही. फक्त सहा-पन्नासच्या आधी पोचा, नातीचे बस्के सर गेट सात-दहाला बंद करतात आणि आजोबांचा प्रयोग चालू होता हे कारण त्यांना चालत नाही.

आपला,
कर्वेनगरातला एक गॅरेजवाला
पुणे